रानाचा तळ

चीडबनांच्या जमिनीवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची आणि तीही हावड्यात बसून, हे कळल्यावर पुण्याच्या एका स्नेह्यानं फोनवरच विचारलं, "तुमच्याकडे चीड आहे कुठं?" नाही. हावड्याची जमीन म्हणजे हुगळीनं आणून टाकलेला गाळ. समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-बारा मीटर. चीड पाचशे मीटरच्या वर रमतो, तोही हिमालयाच्या कोरड्या उतारांवर. शिवाय आपल्याकडे चीड म्हटलं की राग आठवतो, झाड नाही. स्नेह्याचा प्रश्न रास्तच होता.

तरीही ही प्रस्तावना इथूनच लिहायला हवी होती, असं माझं मत आहे. मुंबईहून येणाऱ्या काही गाड्या हावड्याऐवजी शालिमारला थांबतात. तिथून टोटोत, म्हणजे इ-रिक्षात, बसलं की थोड्याच वेळात शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनचं फाटक येतं. बागेला २००९ पासून आचार्य जगदीशचंद्र बसूंचं नाव आहे, पण टोटोवाल्याला अजून ‘बोटॅनिक’ एवढंच सांगावं लागतं. रॉबर्ट किड या कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्यानं १७८७ साली ती सुरू केली. लोक इथं वड बघायला येतात. मूळ खोड १९२५ सालीच बुरशीमुळे कापून काढावं लागलेला आणि तरीही पारंब्यांवर उभा असलेला तो प्रचंड वड. मान वर करून बघण्यासारखा आहेच. मात्र पुस्तकाचा विषय मान खाली घालून बघण्याचा आहे.

१७९३ साली विल्यम रॉक्सबर्ग या बागेचा प्रमुख झाला आणि १८१३ पर्यंत राहिला. नदीकाठचं त्याचं घर अजून उभं आहे. हिमालयातल्या चीडला त्यानं नाव दिलं ‘पायनस लाँगिफोलिया’, म्हणजे लांब पानांचा पाइन. ते १८०३ साली लंडनला लॅम्बर्टच्या ग्रंथात छापून आलं. अडचण अशी झाली की हेच नाव १७९६ साली सॅलिसबरी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या एका पाइनला देऊन ठेवलं होतं. त्या अमेरिकन झाडाचंही बारसं आधीच झालेलं होतं, १७६८ साली मिलरनं ते ‘पायनस पॅलस्ट्रिस’ म्हणून उरकलं होतं. म्हणजे सॅलिसबरीचं नाव तिथंही टिकलं नाही. पण एकदा वापरलेलं नाव दुसऱ्या झाडाला देता येत नाही, असा या शास्त्राचा कायदा. शेवटी १८९७ साली सार्जंटनं रॉक्सबर्गचंच नाव चीडला दिलं : पायनस रॉक्सबर्गी. नाव ठेवायला गेलेला माणूस स्वतःच नाव होऊन बसला.

ही गंमत एवढ्यासाठी सांगितली की एका नावावर हक्क सांगणारी ही दोन झाडं खरोखरच भावंडांसारखी आहेत. दोघांच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात येतात आणि फूटभर लांब होतात. दोघांची साल जाड, आगीला दाद न देणारी. दोघांचं रोप सुरुवातीला गवताच्या झुबक्यासारखं दिसतं. आणि दोघांच्या पायाखालची जमीन गेल्या दीड-दोनशे वर्षांत माणसानं बदलून टाकली. अमेरिकेत ती परत आणायची खटपट काही दशकं चालू आहे. आपल्याकडे आत्ता कुठं तिच्याकडे नजर वळते आहे.

चीडबनात पहिल्यांदा गेलात तर आवडेलच. सरळसोट खोडं, वाऱ्याचा समुद्रासारखा आवाज, राळेचा वास. खाली बघितलंत तर तांबूस सुयांचा गालिचा. कुमाऊँ-गढवालमध्ये त्याला पिरूल म्हणतात. पायाखाली तो असा घसरतो की उतरणीवर हात टेकायची वेळ येते. एका मे महिन्यात अल्मोड्याच्या बाजूला मी मीटरभर लांबी-रुंदीचा सुतळीचा चौकोन जमिनीवर टाकून बसलो होतो. पिरूल हातानं बाजूला करायला लागलो. वरचा थर कोरडा, सुटा. त्याखालचा चेपलेला, एकमेकांत गुंतलेला, चटईसारखा सलग उचलला जाणारा. त्याखाली माती : वरून कोरडी, आणि बी रुजल्याची खूण नाही. चौकोनात जिवंत अशी गवताची दोन मरतुकडी काडं आणि किलमोड्याचं एक काटेरी रोपटं. मग पंचवीस-तीस पावलांवर, वणव्यानंतर दोन झाडं पडून उजेड आला होता तिथं, तोच चौकोन टाकला. तिथं पिरूल विरळ होता. कुसळी गवत होतं, आपल्या माळावर धोतराला चिकटतं तेच. हिसालूची काटेरी फांदी होती. आणि धायटी! सह्याद्रीत जिच्या लाल फुलांतला मध आम्ही पोरं चोखायचो ती धायटी पंधराशे किलोमीटरांवर चीडच्या पायाशी भेटली. चीड तोच, माती तीच. फरक उजेडाचा आणि सुयांच्या थराचा.

सुयांखाली काही उगवत नाही कारण चीड माती आंबट करतो, असं सर्रास सांगितलं जातं. त्यात तथ्य थोडं आणि सोय जास्त. खरं कारण साधं आहे. चीडच्या सुया फार हळू कुजतात, आणि एप्रिल ते जून या महिन्यांत झाड त्या ढिगांनी टाकतं. वरून पडलेलं बी मातीपर्यंत पोचतच नाही, सुयांतच अडकून वाळतं. पोचलंच तर कोंबाला उजेड मिळत नाही. त्यात वणवा लागला की पिरूल पेट्रोलसारखा पेटतो आणि जे काही कोवळं असेल ते जाळून जातो. चीडचं जाड सालीचं खोड उभं राहतं, बांजाचं, म्हणजे पहाडी ओकचं, रोप संपतं. गोऱ्या साहेबाला रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि राळेसाठी चीडच हवा होता, बांज नको होता. त्यामुळे जिथं बांज आणि चीड शेजारी नांदत होते तिथं चीडचं पारडं जड होत गेलं. गावकऱ्यांना चारा, पाचोळा आणि झऱ्याचं पाणी बांजाखाली मिळायचं. १९२१ साली कुमाऊँत सरकारी वनकायद्यांविरुद्ध लोकांनी जंगलं पेटवली तेव्हा त्या आगीत चीडची बनं मोठ्या प्रमाणावर होती, हा योगायोग नव्हता.

आता पुस्तकाच्या शीर्षकाविषयी. ‘ग्राउंड कव्हर’ला, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या झाडोऱ्याला, मराठीत नीट शब्द नाही. सरकारी कागदात ‘भू-आच्छादन’ असतं. ते वाचून डोळ्यांपुढे ताडपत्री येते. नर्सरीत ‘ग्राउंड कव्हर’ असंच म्हणतात. शेतकऱ्याकडे ‘तण’ आहे, पण तो शिव्यांच्या जवळचा शब्द. खरं तर आपल्या भाषेत या वनस्पतींना एकत्रित नाव नसलं तरी सुटी सुटी नावं भरपूर आहेत, कारण त्या खाल्ल्या जात. पहिल्या पावसानंतर सागाखाली, साध्या मिश्र रानात जमिनीतून वर येणारी शेवळं, फोडशी, टाकळा, कुर्डू, भारंगी, हे सगळं रानाच्या तळाचंच धन. मावळातली किंवा डहाणूकडची बाई जून-जुलैत टोपली घेऊन निघते तेव्हा ती झाडांकडे बघतच नाही. म्हणून मी लेखकाला ‘रानाचा तळ’ हे दोन शब्द सुचवले आणि त्यानं ते ठेवले.

महाराष्ट्रात चीडबनं नाहीत, पण चीडबनासारखं दुखणं आहे. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू घ्या. लांबून पाइनच वाटतो. सुयांसारख्या दिसतात त्या त्याच्या बारीक हिरव्या फांद्या, आणि त्यांचा सडा चीडच्या पिरूलाइतकाच निष्ठुर. कारवारकडे १८६८ च्या सुमारास तो सरपणासाठी लावला गेला, आणि मग वारा अडवतो, वाळू धरतो म्हणून सरकारी योजनांतून किनारभर पसरला. वाळू धरायचं काम तिथं आधीच कुणीतरी करत होतं : मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा. सुरूच्या दाट बनात या दोन्ही दिसेनाशा होतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धनकडे सुरूची बनं भुईसपाट झाली. त्याच्या दोनच आठवडे आधी, २० मेला, अम्फाननं शिबपूरच्या बागेत शेकडो झाडं पाडली होती. एका मोसमात दोन्ही किनाऱ्यांवर मी पडलेली झाडं बघितली. पुढच्या पावसाळ्यानंतर रायगडात गेलो तेव्हा उघड्या पडलेल्या वाळूवर मर्यादवेलीचे हातभर लांब धुमारे निघाले होते. कुणी लावले नव्हते.

इथं माझी एक चूक कबूल करायला हवी. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका ओळखीच्यांच्या आवारात, सुरू काढून टाकलेल्या जागी, ‘जमीन झाकणारं काहीतरी’ लावायचं ठरलं. नर्सरीतून शंभरेक पिशव्या आणल्या : चकचकीत हिरवी पानं, पिवळी फुलं, महिन्याभरात जमीन झाकली. सगळे खूश. ते वेडेलिया होतं. उष्ण अमेरिकेतून आलेलं, गाठीगाठीला मुळं धरणारं, कोलकात्याच्या दुभाजकांपासून गोव्याच्या हॉटेलांपर्यंत सगळीकडे लावलेलं. तीन वर्षांत त्यानं कुंपण ओलांडलं, पऱ्ह्यात उतरलं. उपटायला गेलो तर प्रत्येक तुटका तुकडा नवीन रोप झाला. जमीन झाकली म्हणजे तळ परत आला असं नव्हे, हे मला त्या पऱ्ह्यात गुडघाभर चिखलात उभं राहून कळलं.

अमेरिकेची गोष्ट लेखकानं दोन प्रकरणं देऊन सांगितली आहे आणि मला पुस्तकातला तोच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत लाँगलीफ पाइनची राजवट सुमारे ९ कोटी एकरांवर होती. १९९० च्या दशकापर्यंत ती ३० लाख एकरांच्या आसपास उरली. पण ही बनं आपल्या कल्पनेतल्या बनांसारखी गच्च नव्हतीच. विरळ झाडं आणि खाली गवताळ माळ, असं त्यांचं रूप. त्या माळाच्या एका चौरस मीटरमध्ये चाळीसहून अधिक जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या आहेत. माझ्या अल्मोड्याच्या चौकोनाशी ताडून बघा. या माळाचा कणा म्हणजे वायरग्रास, तारेसारखं ताठ, झुबक्यानं वाढणारं गवत. आणि त्याची एक खोड आहे : ऐन वाढीच्या दिवसांत, मे ते जुलैत, आग लागून गेली तरच ते नीट फुलतं आणि बी धरतं. विसाव्या शतकात वणवे विझवायची मोहीम जोरात चालली तशी ही गवतं बिनबियाची झाली. सरकारनं आग विझवली आणि आगीबरोबर गवतही विझलं.

आता तिथं काय करतात? झाडं विरळ करतात. ठरवून, वारा बघून, माणसं उभी करून आग लावतात. जळालेल्या माळावरचं बी हिवाळ्याच्या तोंडावर यंत्राच्या ब्रशनं झाडून गोळा करतात आणि दुसरीकडे पेरतात, नाहीतर नर्सरीत रोपं करून एकेक लावतात. खर्च प्रचंड. आणि एवढं करूनही एक गोष्ट साधत नाही. जी जमीन एकदा नांगरली गेली, कापूस-मक्याखाली गेली, तिथं पाइन पुन्हा वाढतो, पन्नास वर्षांत बन उभं राहतं, विमानातून ते जंगल दिसतं. पण वायरग्रास आपण होऊन परत येत नाही. नांगराची रेघ गवत विसरत नाही. झाडं किती लावली याचे आकडे अभिमानानं छापणाऱ्या आपल्या वनमहोत्सवी मंडळींनी हे वाक्य वाचावं, अशी माझी फार इच्छा आहे.

अमेरिकेचा धडा जसाच्या तसा पहाडात नेऊ नये, असं लेखक बजावतो. मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. हिमालयातला उतार म्हणजे फ्लोरिडाची सपाटी नाही. तिथं आगीमागून पाऊस आला की माती नदीत जाते. शिवाय आधी हे विचारावं लागतं की इथं चीड मूळचा की आणलेला? खालच्या कोरड्या उतारांवर तो घरचाच आहे. तिथं त्याला विरळ करून, पिरूल पट्ट्यापट्ट्यानं उचलून, कुसळी आणि तिच्या भाऊबंद गवतांचे थोंब पावसाच्या तोंडावर लावायचे आणि दोन-तीन वर्षं शेळ्या आत सोडायच्या नाहीत. वर, जिथं बांज होता, तिथं चीडखालीच बांज आणि काफळ वाढवायचे. त्यासाठी आधी पाणी मुरायला हवं. पौडी गढवालच्या उफरैंखालमध्ये सच्चिदानंद भारती आणि आसपासच्या गावांनी चाल-खाल, म्हणजे उतारावरचे छोटे खड्डे खणत हेच केलं आणि कोरडा पडलेला ओढा वाहता झाला. आणि कोकणातला सुरू? तो तर पाहुणाच. त्याच्या खालचा तळ सुधारत बसण्यापेक्षा पाहुण्याला थोडं मागे सरकवणं बरं, निदान भरतीच्या रेषेपासून तरी.

हे सगळं हावड्यातून लिहिण्याचं दुसरं कारण जरा अवघड आहे. घाणेरी, जिला कुठं टणटणी म्हणतात, ती लँटाना, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोभेचं कुंपण म्हणून भारतात आणली गेली ती याच शिबपूरच्या बागेत. म्हणजे रॉक्सबर्गच्याच कारकिर्दीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तिनं वाघांच्या मुलखातली दीड लाख चौरस किलोमीटरांहून अधिक रानं व्यापली आहेत. अल्मोड्यापासून आंबोलीपर्यंत रानाचा तळ आज बराचसा तिचा आहे. आणि तोच रॉक्सबर्ग! ज्यानं देशी चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक वनस्पतींची रंगीत चित्रं काढून घेतली, आपल्या ‘फ्लोरा इंडिका’त गवतांना पानंच्या पानं दिली, हराळीसारख्या पायदळी तुडवल्या जाणाऱ्या गवताचीही कदर केली. तळाकडे इतक्या मायेनं बघणाऱ्या माणसाच्या दारातूनच तळाचा वैरी आत आला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सुंदर फुलांची झुडपं आणून लावणं हेच त्याचं काम होतं, आणि वेडेलियाच्या पिशव्या आणणाऱ्या मला तर त्याच्यावर बोलायचा हक्कच नाही.

घाणेरी काढायची कशी, हे पुस्तकात सविस्तर आहे. वरून छाटली तर ती दुप्पट फुटते, हे प्रत्येक वनरक्षकाला ठाऊक असतं. कॉर्बेटमध्ये दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंच्या चमूनं वापरलेली रीत अशी : कुदळीनं मुख्य मूळ जमिनीखाली चार बोटांवर तोडायचं, झुडूप उचलून उलटं ठेवायचं आणि वाळू द्यायचं. मग पुढची दोन-तीन वर्षं, पक्षी ज्या झाडांवर बसून बी टाकतात त्या झाडांखाली उगवलेली रोपं उपटत राहायची. मोकळ्या झालेल्या जागी लगेच देशी गवत पेरायचं. नाहीतर घाणेरी नव्हे तर रानमोडी येते. काम कंटाळवाणं आहे. त्याचा फोटो चांगला येत नाही.

प्रत्येक ठिकाणी पेरावंच लागतं असंही नाही. हावड्याहून दक्षिण-पूर्व रेल्वेनं तीनेक तासांवर पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात आराबारी आहे. १९७२ च्या सुमारास अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यानं तिथल्या ११ गावांतल्या ६१८ कुटुंबांशी करार केला : १,२७२ हेक्टर उजाड सालबन तुम्ही राखा, लाकडाच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा तुमचा. सालाच्या खुंटांना धुमारे फुटले, कारण मुळं मेली नव्हती. आज तिकडच्या रानांत पाऊस पडला की बायका पाचोळा चाळून छातू, म्हणजे अळंबी, वेचतात. तळात काय जिवंत उरलंय हे आधी बघा, मग पिशव्या मागवा, हे लेखकाचं म्हणणं मला इथून तीन तासांवरच पटलं.

आणि उलट टोकही इथंच घडलं आहे. १८४२ ते १८४४ या काळात विल्यम ग्रिफिथ या बागेचा तात्पुरता प्रमुख होता. त्याला शास्त्रशुद्ध मांडणीची बाग हवी होती म्हणून त्यानं सावलीचे जुने वृक्ष, राया, झुडपांची दाटी काढून टाकली. १८४८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर इथं आला तो हळहळलाच. सावली गेली आणि तिच्या आधारानं जगणारं सगळं उन्हात करपलं होतं. मग १८६४ आणि १८६७ च्या वादळांनी उरलेलं उघडं पाडलं, आणि १८७१ साली प्रमुख झालेल्या जॉर्ज किंगला जवळपास नव्यानं बाग उभारावी लागली. चीडखाली उजेड कमी म्हणून तळ मरतो, शिबपूरला उजेड एकदम जास्त झाला म्हणून मेला. विरळणी करणाऱ्यांनी कुऱ्हाडीला हात घालण्याआधी ग्रिफिथ आठवावा.

पुस्तकात काही उणिवा आहेत. मराठी नावांची सूची अपुरी आहे. कोकणावरचं प्रकरण आटोपतं घेतलं आहे. पिरूलपासून विटा आणि कोळसा करण्याच्या उद्योगांबद्दल लेखक फारच आशावादी आहे. पिरूलला भाव आला की उद्या चीडच अधिक लावावा असं कुणाला वाटलं तर काय, हा प्रश्न त्यानं टाळला आहे. पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्यानं वाचकाला मीटरभर सुतळी घेऊन आपल्या घराजवळ बसायला लावलं आहे, ते मला फार आवडलं.

म्हणून हस्तलिखित वाचून झाल्यावर एका आषाढी सकाळी मीही सुतळी घेऊन बागेत गेलो. नदीच्या बाजूला, महोगनीच्या सावलीत, जमीन ओली होती. चौकोनात चौदा प्रकारची पानं मोजली. नऊंची नावं आली. गवत कापायला आलेला माळी बाजूला उभा राहून बघत होता. मी एका पानाकडे बोट दाखवलं. "एटा की गाछ, दादा?"

"गाछ ना. आगाछा."

बंगालीत गाछ म्हणजे झाड, आणि तण म्हणजे आगाछा : जे झाड नाही ते. मी दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. आगाछा, आगाछा. चौथं एक गोल, नाण्याएवढं, कंगोरेदार पान होतं, जमिनीला चिकटून पसरलेलं. आपण त्याला ब्राह्मी म्हणतो. माळी वाकला. "ओटा थानकुनी," म्हणाला, जणू मी त्याच्या घरच्या माणसाला ओळखलं नव्हतं. पोट बिघडलं की झोलात घालतात, असंही सांगितलं. मग त्यानं माझ्या चौकोनातली थानकुनी नखानं एकेक पान करून खुडली, गमछ्याच्या टोकाला गाठ मारली आणि विळा उचलून उरलेल्या आगाछाकडे वळला.